नाव बदललं, फाइल जुनीच

२०२३ साली आमच्या गावाचं नाव बदललं. फेब्रुवारीत केंद्र सरकारनं ‘उस्मानाबाद’चं ‘धाराशिव’ करायला मान्यता दिली, सप्टेंबरात जिल्हा-तालुक्याच्या नावांची अधिसूचना निघाली आणि पुढचे काही महिने आम्हा डीटीपीवाल्यांना जेवायला सवड राहिली नाही. लेटरहेड, पावतीपुस्तकं, शाळेचे दाखले, पतसंस्थेचे अर्ज, खताच्या दुकानांची बिलबुकं, जिथं जिल्ह्याचं नाव तिथं दुरुस्ती. गिऱ्हाइकाच्या लेखी तो एका शब्दाचा प्रश्न होता. “ताई, बाकी समदं हाय तसंच ठेवा, नाव तेवढं बदला.”

अवघड होतं ते हे ‘हाय तसंच’. पतसंस्थेच्या कर्जाच्या अर्जात चौकटी, रकाने, बारीक अक्षरातल्या अटी, सगळं संचालक मंडळानं एकदा वाचून मंजूर केलेलं असतं. तो नव्यानं टाइप केला तर पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागतो, आणि एखादी अट गाळली गेली तर भांडण आपल्या दारात. म्हणून मूळ फाइल काढायची. ती उघडते माझ्या दुकानातल्या मागच्या टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरवर. पेंटियम ४ चा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि श्री-लिपी. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं तिच्यावरून हात काढून घेतला. पेजमेकर ७ सुद्धा २००१ चाच, आणि त्यानंतर आठवा पेजमेकर आलाच नाही.

दुकानात येणारी कॉलेजची मुलं विचारतात, “ताई, हे डबडं अजून कशाला घेऊन बसलाव?” प्रश्न रास्त आहे. पुढच्या टेबलावर माझ्याकडं नवा कॉम्प्युटर आहे, त्यावर नवी कामं होतात. तरी मागचं डबडं का चालू ठेवलंय, ते नीट सांगायला हवं. कारण हा फक्त माझ्या दुकानाचा मामला नाही. उमरगा, कळंब, तुळजापूर, परंडा, कुठल्याही तालुक्याच्या गावात जुन्या प्रेसमध्ये डोकावा, कोपऱ्यात असं एखादं मशीन दिसण्याची शक्यता बरीच आहे.

पेजमेकर आला १९८५ साली, अमेरिकेतल्या आल्डस नावाच्या कंपनीचा. कंपनी काढणारे पॉल ब्रेनर्ड वर्तमानपत्राच्या धंद्यातून आलेले, त्यामुळं पान कसं लावतात हे त्यांना ठाऊक होतं. अक्षरांचे खिळे जुळवून किंवा कागदाचे तुकडे कापून-चिकटवून जे पान व्हायचं, ते आता पडद्यावर लावता येऊ लागलं. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ म्हणजे आपलं डीटीपी, ते इथून सुरू झालं. १९९४ मध्ये ॲडोबीनं आल्डस विकत घेतली, १९९९ मध्ये इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर काढलं आणि पुढं पेजमेकरची वाढ थांबवली. पण तोवर जिल्ह्याच्या गावातल्या प्रेसचं सगळं गणित पेजमेकरवर बसलं होतं. मजकूर टाइप करायचा, पान लावायचं, लेसर प्रिंटरवर ट्रेसिंग काढायचं, त्यावरून प्लेट करायची आणि मिनी ऑफसेटवर चढवायची. साप्ताहिकं याच वाटेनं निघाली, प्रश्नपत्रिका आणि सरपंचाच्या निवडणुकीची पत्रकंही. ‘श्री तुळजाभवानी प्रसन्न’ असं डोक्यावर लिहिलेल्या लग्नपत्रिकांची तर गिनतीच नाही.

पेजमेकर बिचारा इंग्रजीच शिकलेला. त्याला मराठी येत नव्हती आणि शेवटपर्यंत आली नाही. मग त्यात मराठी दिसते कशी? या प्रश्नाचं उत्तर कळलं की जुना कॉम्प्युटर का लागतो, तेही कळतं.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असायच्या आणि त्यातल्या बऱ्याचशा इंग्रजी अक्षरांना आणि चिन्हांना दिलेल्या. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम किंवा आकृती, या सगळ्यांनी तोडगा काढला तो असा की, जागा इंग्रजीच्याच ठेवायच्या आणि त्यात चित्रं मात्र मराठीची भरायची. ज्यांनी खिळ्यांची केस पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते, खणांवर चिठ्ठ्या इंग्रजी अक्षरांच्या आणि आत खिळे मराठी. श्री-लिपीच्या नेहमीच्या फॉन्टात मी ‘आहे’ टाइप केलं की पडद्यावर ‘आहे’च दिसतं, पण फाइलमध्ये जातं ते कॅपिटल ए, स्मॉल एम, स्मॉल एच आणि स्मॉल ओ. ‘मराठी’ लिहिलं की जाते आधी एक अंडरस्कोअर, मग स्मॉल ए, स्मॉल एम, कॅपिटल आर, गणितातलं ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि शेवटी स्मॉल आर. ठ एकट्याचा नाही, दोन चिन्हं मिळून होतो. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही तिथं फाइल उघडली तर हाच इंग्रजी घोळ दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, फाइल करप्ट झाली.” फाइल अगदी ठणठणीत असते, फक्त तिच्याजवळ तिचे खिळे नसतात.

शिवाय प्रत्येक कंपनीच्या चिठ्ठ्या वेगळ्या. श्री-लिपीतला मजकूर आयएसएमच्या फॉन्टात नेला की एका घोळाचा दुसरा घोळ होतो. युनिकोड आलं ते हा गोंधळ संपवायला. त्यात देवनागरीला स्वतःच्या हक्काच्या १२८ जागा मिळाल्या, आणि क म्हणजे जगात कुठंही क. आज मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोड. विंडोजमध्ये बरीच वर्षं दिसणारा ‘मंगल’ हा आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला फॉन्टही युनिकोडचाच. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. त्यामुळं जुनी फाइल उघडायला पेजमेकर हवा, श्री-लिपी हवी आणि ती दोघं सुखानं नांदतील असं विंडोज हवं.

त्यात भर लॉकची. त्या काळी भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरबरोबर एक चपटं खोकं यायचं. कॉम्प्युटरच्या मागं प्रिंटरचं पंचवीस पिनांचं पोर्ट असे, त्यात ते खोचायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीवर लावायची. इंग्रजीत त्याला डोंगल म्हणतात, आमच्या धंद्यात नुसतं ‘लॉक’. लॉक नसेल तर सॉफ्टवेअर चालू होत नाही. चोरून कॉपी करणाऱ्यांना आळा घालायला केलेली ही सोय आता आमच्याच गळ्यात आहे. पंचवीस पिनांचं पोर्ट नव्या कॉम्प्युटरला येत नाही. यूएसबीचं लॉक असलं तरी त्याचा ड्रायव्हर ३२ बिटांचा, आणि विंडोज ११ मिळतं ते फक्त ६४ बिटांचं, ते जुना ड्रायव्हर आत घेतच नाही. शिवाय नव्वदच्या दशकातल्या कित्येक सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलर १६ बिटांचं असायचं. ते ६४ बिटांच्या विंडोजवर सुरूच होत नाही, सीडी नवीकोरी असली तरी.

नाव बदलण्याच्या त्या धांदलीत एका शेळीपालनवाल्याचं लेटरहेड, माहितीपत्रक आणि लसीकरणाची कार्डं आली. पेजमेकरमध्ये स्टोरी एडिटर म्हणून एक खिडकी असते, तिच्यात मजकूर सरळ सपाट दिसतो आणि शोधून बदलण्याची सोय असते. ‘उस्मानाबाद’ शोध आणि ‘धाराशिव’ टाक, असा हुकूम एकदम सगळ्या फाइलला देता येतो. पण तो दिला तर ‘उस्मानाबादी शेळी’ची ‘धाराशिवी शेळी’ होते. शेळीच्या जातीचं नाव काही जिल्ह्याबरोबर बदललेलं नाही. ‘उस्मानाबादेत’चं ‘धाराशिवेत’ होतं, ते कानाला बरं लागत नाही. नोंदणी झालेल्या संस्थेच्या नावात ‘उस्मानाबाद’ असेल तर संस्थेनं कागदोपत्री नाव बदलेपर्यंत ते तसंच छापावं लागतं, पत्त्यात मात्र धाराशिव. म्हणून एकेक जागा डोळ्यांनी पाहून बदलायची. गोल शिक्क्यातली अक्षरं तर कोरल ड्रॉमध्ये कर्व्ह केलेली असतात, म्हणजे ती अक्षरं राहिलेलीच नसतात, रेषा झालेल्या असतात. तिथं शोधायला काही नाही, पुसून नव्यानं बसवायचं. इतकं असूनही जुन्या फाइलवर काम तासाभरात हातावेगळं होतं. नव्यानं मांडायला बसलं तर दिवस मोडतो.

जुना कॉम्प्युटर सांभाळायचे म्हणून काही नियम असतात. सगळ्यात आधी मरतो तो बोर्डावरचा सेल, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा तीन व्होल्टचा. तो गेला की तारीख मागं जाते आणि मशीन चालू होतानाच तक्रार करतं. हे सोपं, सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. दुसरं दुखणं कंडेन्सरचं. बोर्डावर उभे असलेले छोटे डबे डोक्यावर फुगतात, मग मशीन मधेच बंद पडतं. चांगला कारागीर ते बदलून देतो. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आमच्याकडच्या विजेच्या चढउतारानं जातो, म्हणून यूपीएस चांगला ठेवावा. सगळ्यात जास्त जपायची ती हार्ड डिस्क, कारण बाकीचं बदलता येतं, आतलं काम बदलून मिळत नाही. मी डिस्कची अख्खी प्रतिमा, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, फायली सगळ्यांसकट हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली आहे. जुने सुटे भाग लागले की पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर सिकंदराबादचा चिनॉय ट्रेड सेंटरचा बाजार. उमरग्याकडच्या माणसाला तर हैदराबादचा रस्ता पायाखालचाच.

आणखी एक नियम कडक आहे, या मशीनला इंटरनेट द्यायचं नाही. ज्या विंडोजला सुरक्षेची ठिगळं मिळणं बंद झालं, ते जाळ्यात उघडं सोडणं धोक्याचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा प्रकरण एवढं वाढलं की मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढावी लागली. पुन्हा तशी मेहेरबानी होईलच असं धरून चालू नये. माझ्याकडं फाइल पेन ड्राइव्हनं ये-जा करते, तोही आधी नव्या कॉम्प्युटरवर तपासून. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावायचा नाही, मग तो घरचा पाहुणा का असेना.

ज्यांना लोखंड सांभाळायचं नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे, ती व्हर्च्युअल मशीनची. नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर टाकलं की ते आपल्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर उभा करतं. त्याला स्वतःची रॅम, स्वतःची डिस्क. त्यात एक्सपी घालायची, पेजमेकर घालायचा आणि पडद्यावरच्या एका खिडकीत जुनं मशीन चालवायचं. यूएसबीचं लॉक त्या खिडकीच्या आत सोपवता येतं. पंचवीस पिनांचं लॉक असलेल्यांची मात्र तिथंही पंचाईत होते, कारण साधी बाजारातली यूएसबीची जोडणी प्रिंटर चालवते, लॉक ओळखत नाही. सॉफ्टवेअर मात्र आपल्या हक्काचं, विकत घेतलेलं असावं. नवं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं, जुनं एकदाच पैसे भरून घेतलेलं, हेही कारण जुन्याला धरून राहण्यामागं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

आणखी एक कारण बोटांचं आहे. माझ्या पिढीतल्या बऱ्याच बायका टायपिंगच्या क्लासमधून डीटीपीत आल्या. परीक्षा परिषदेची तीसची आणि चाळीसची मराठी टायपिंगची परीक्षा, तीही धातूच्या कळांवर. श्री-लिपीत टाइपरायटरचाच कीबोर्ड निवडता येई, म्हणून आमची बोटं न शिकवता चालायला लागली. आता युनिकोडमध्येही तो कीबोर्ड मिळतो, पण हे सांगायला बराच काळ कुणी आलं नाही.

आम्हीच मागासलेले म्हणून असं करतो, अशी समजूत असेल तर ती सोडावी. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची पंढरी, तिथल्या भुयारी रेल्वेची १९९८ सालची नियंत्रण यंत्रणा पाव शतकानंतरही रोज सकाळी फ्लॉपीवरून सुरू होत होती. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ज्यांच्या कादंबऱ्यांवर निघालं ते जॉर्ज आर. आर. मार्टिन डॉसवरच्या वर्डस्टार ४ मध्येच लिहितात. चालतंय ते मोडू नये, हा हिशेब सगळीकडं सारखा.

पण नुसतं चालू ठेवून भागत नाही, हेही जगानं दाखवलंय. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमनं जवळजवळ सगळ्या मुलखाची पाहणी करून ‘डूम्सडे बुक’ लिहून घेतलं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं नवी पाहणी केली, शाळकरी मुलांसह सुमारे दहा लाख लोकांनी आपापल्या गावाची माहिती दिली. ती लेसर डिस्कवर भरली. ती वाचायला खास प्लेअर आणि बीबीसीचाच कॉम्प्युटर लागे. पंधरा वर्षांत ते प्लेअर दुर्मीळ झाले, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांना २००२ मध्ये जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर लिहून ती माहिती सोडवावी लागली. १०८६ ची वही तोवर आरामात वाचता येत होती.

आपल्याकडं याचा पडताळा २०२३ मध्येच आला. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला शासनानं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, आणि कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांतून निजामकाळातले कागद बाहेर निघाले. मजकूर मोडीत नाहीतर उर्दूत. एरवी ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या मोडी जाणकारांची एकदम शोधाशोध सुरू झाली. कागद होता, वाचणारा आणला की काम झालं. आमच्या फायलींचं तसं नाही. तिथं जाणकार माणूस असून उपयोग नाही, जाणकार यंत्रच लागतं. फॉन्ट, सॉफ्टवेअर, विंडोज आणि लॉक या चौघांपैकी एक जरी गेला तरी बाकीचे तिघं मुके. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या जिल्ह्यात जे छापलं गेलं, शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, गावोगावच्या यात्रांची माहितीपत्रकं, हौशी कवींचे स्वखर्चानं काढलेले संग्रह, त्यातलं पुष्कळ या चौघांच्या ताब्यात आहे.

त्यावर उपाय दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी पीडीएफची. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढायची, ती डिस्टिलरमधून गाळली की पीडीएफ होते आणि फॉन्ट तिच्यातच गुंडाळला जातो. मग ती मोबाइलवर पाठवा, नाहीतर कुठंही छापा, पान जसंच्या तसं दिसतं. पण पीडीएफ वरून मराठी दिसली तरी आत तेच कॅपिटल ए, स्मॉल एम. तिच्यात ‘तेर’ हे गावाचं नाव शोधलं तर तेर सापडत नाही. सरकारी संकेतस्थळांवरच्या कित्येक जुन्या पीडीएफमधला मजकूर उचलून चिकटवला की इंग्रजी कचरा पडतो, तो याचमुळं.

दुसरी पायरी युनिकोडची, आणि ती चढायला दम लागतो. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती डावीकडं काढतात. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं, जुन्या फॉन्टात तो नंतर, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टरनं ही अदलाबदल करताना जोडाक्षर आलं की गडबड होते, ‘कीर्ती’ आणि ‘स्थिती’सारखे शब्द हमखास तपासावे लागतात. ‘दऱ्या’तला आडवा र, ‘ॲड’मधला अर्धचंद्र, पूर्णविराम, अवतरणचिन्हं, यांतलं काय कुठं जाईल सांगता येत नाही. म्हणजे मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायची. हे काम कॉम्प्युटरचं कमी आणि प्रूफ तपासणाऱ्याचं जास्त आहे.

मग याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न येतोच. लग्नपत्रिकेसाठी कुणी देऊ नये, गरजच नाही. पण शाळा, ग्रंथालय, पतसंस्था आणि लेखक यांनी आपली मोजकी महत्त्वाची कामं आत्ताच काढून घ्यावीत. आज गावात लॉक असलेलं एखादं मशीन आणि ते चालवणारं माणूस दोन्ही सापडतं आहे, त्यामुळं खर्च थोडक्यात निभावतो. ज्या दुकानात काम झालं होतं ते बंद पडलं असेल तर जुन्या मालकाच्या घरी चौकशी करावी, सीडींची पाकिटं सहसा माळ्यावर पडलेली असतात. सीडी मिळाली तर ती उन्हात न ठेवता आधी तिची नक्कल काढावी, मग उघडायचा खटाटोप करावा.

माझ्याकडं आता नवं पुस्तक किंवा स्मरणिका आली की मी बिलाच्या मागं चार गोष्टी लिहून देते. काम कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, कोणता फॉन्ट वापरला, पीडीएफ दिली का, आणि मजकूर युनिकोडमध्ये वेगळा दिला का. सुरुवातीला लोक हसले. आता दोन शाळांचे मुख्याध्यापक स्वतःहून मागतात. तुमच्या गावातल्या डीटीपीवाल्याकडंही मागा. त्याला जास्तीची दहा मिनिटं लागतील. तो कुरकुरला तर छपाईची उरलेली रक्कम ही चार उत्तरं हातात पडल्यावरच द्या.